लांब नळीचा परवाना : गोंदियाच्या झाडीपट्टीतील बंदूक, कायदा आणि प्रतीक्षा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे प्रशासकीय दृष्टीने त्याचे वय लहान आहे. परंतु वैनगंगेच्या पूर्वेस पसरलेल्या या झाडीपट्टीत बंदुकीचा परवाना, म्हणजे शस्त्र जवळ ठेवण्याची व ते घेऊन फिरण्याची सरकारी लेखी अनुमती, ही गोष्ट जिल्ह्याहून सव्वाशे वर्षांनी तरी जुनी आहे. या परवान्याचा इतिहास सामान्यतः हक्क आणि बंदी या दोन शब्दांत सांगितला जातो. गोंदियाच्या संदर्भात मात्र तो आणखी दोन प्रश्नांच्या आधारे अधिक स्पष्ट होतो : बंदूक लोकांच्या नजरेस पडावी की पडू नये, आणि ती मागणाऱ्याने किती काळ थांबावे. पहिल्या प्रश्नाचे शासनाने दिलेले उत्तर दीडशे वर्षांत जवळजवळ उलटे झाले आहे, तर दुसऱ्याचे उत्तर कायद्याच्या कागदावर दिवसांत मोजले गेले असले तरी प्रत्यक्षात सैलच राहिले आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात या प्रदेशाचा मोठा भाग जमीनदाऱ्यांत विभागलेला होता. जमीनदार म्हणजे येथे केवळ सारा गोळा करणारा मध्यस्थ नव्हता. डोंगर व जंगल यांच्या कडेला पहारा ठेवणे आणि प्रसंगी माणसे पुरविणे हेही त्याच्याकडे असल्यामुळे हत्यारबंद माणूस हा त्या व्यवस्थेचा नेहमीचा घटक होता. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या पतनानंतर झालेल्या उठावात कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल सामील झाले आणि इंग्रजी फौजेला तेथील गढीवर चालून जावे लागले. हे कामठा गोंदियाजवळचे, नागपूरशेजारच्या छावणीचे कामठी नव्हे; दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, तीनच वर्षांत १८५७ चा उठाव झाला, आणि त्याची धास्ती ताजी असतानाच १८६० चा शस्त्र कायदा आला. जमीनदाराच्या पदरी असलेला हत्यारबंद शिपाई त्यानंतर व्यवस्थेचा आधार न राहता व्यवस्थेसमोरील शंका बनला.

खरा पालट १८७८ मध्ये झाला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील त्या एकाच वर्षात देशी भाषांतील वृत्तपत्रांवरील निर्बंधाचा कायदा, भारतीय वन कायदा आणि भारतीय शस्त्र कायदा असे तीन कायदे झाले. पुण्या-मुंबईच्या इतिहासात यांपैकी पहिल्याची चर्चा सर्वाधिक होते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी परिसरातील गावकऱ्याचे जगणे उरलेल्या दोहोंनी बदलले, कारण एकाने त्याच्या शेतामागचे जंगल राखीव करण्याचा मार्ग मोकळा केला आणि दुसऱ्याने त्या जंगलातून शेतात उतरणाऱ्या जनावराला हाकलण्याचे साधन परवान्याखाली आणले. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमाने परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरण्यास मनाई केली आणि चौदाव्याने अग्निशस्त्र, म्हणजे दारूच्या स्फोटाने मारा करणारे हत्यार, नुसते जवळ ठेवण्यावरही बंधन घातले. या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे ते विसावे कलम. सरकारी नोकराला कळू नये अशा हेतूने, लपवून-छपवून कायदा मोडल्यास किंवा झडतीच्या वेळी शस्त्र दडविल्यास शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून सात वर्षांपर्यंत जात असे. वसाहतीच्या शासनाला खांद्यावर दिसणाऱ्या बंदुकीपेक्षा गवताच्या गंजीत खुपसलेल्या बंदुकीची भीती अधिक होती, कारण दिसणारी बंदूक मोजता येते आणि मोजलेली बंदूक जप्तही करता येते.

या कायद्यातून युरोपीय लोकांना आणि सरकारने ठरविलेल्या काही मानकरी वर्गांना सूट होती. त्यामुळे उघडपणे बंदूक घेऊन फिरणे हे त्या काळात सुरक्षिततेइतकेच दर्जाचे चिन्ह ठरले. गोऱ्या शिकाऱ्याच्या बंदुकीला शस्त्र परवाना लागत नसे आणि त्याच्यासाठी हाका घालणाऱ्या, म्हणजे आरडाओरडा करून जनावर मचाणाकडे रेटणाऱ्या, गावकऱ्याच्या हाती काठी व कुऱ्हाड असे. मध्य प्रांताच्या जंगलांचे वन खात्याने शिकारीसाठी गट पाडले होते आणि त्या गटांचे परवाने वेगळे मिळत, तेव्हा शस्त्राची अनुमती आणि शिकारीची अनुमती या दोन निरनिराळ्या बाबी असल्याची सवय प्रशासनाला तेव्हापासूनच आहे. वंशावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर, १९२० व १९२४ च्या नियमांनी, बरीचशी मोडीत निघाली.

सामान्य कास्तकाराच्या वाट्याला जी बंदूक येई ती बहुधा भरमार, म्हणजेच ठासणीची. तिच्या नळीच्या तोंडातून प्रथम बारूद ओतावी लागते, वर चिंधी किंवा तत्सम बोळा गजाने ठासावा लागतो, मग छर्रे आणि पुन्हा बोळा. घोड्याखालच्या लहानशा टोपीवर आघात झाला की ठिणगी बारुदीपर्यंत पोहोचते आणि बार उडतो. एक बार उडाल्यावर ही सारी क्रिया पुन्हा करावी लागत असल्यामुळे माणसांवर चालून जाण्यास हे हत्यार फारसे कामाचे नाही. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, शिरलेल्या रानडुकरांच्या कळपाला पिटाळण्यास मात्र एक दणका पुरतो. या भागात रात्री पिकाची राखण करण्याला जागल म्हणतात. जागलीच्या मचाणावरील बंदूक दूरवरून दिसावी आणि ऐकू यावी यातच तिचा निम्मा उपयोग होता. तिचा परवाना मागण्यासाठी मात्र भंडाऱ्याला जावे लागे, कारण जिल्ह्याचे मुख्यालय तेथे होते आणि मध्य प्रांतात ज्यास डेप्युटी कमिशनर म्हणत तो जिल्हाधिकारी तेथेच बसे. रेल्वे आल्यानंतर गोंदिया हे जंक्शन झाले व तेथील लोकांची सोय झाली; देवरी, चिचगड किंवा केशोरीकडच्या माणसाची झाली नाही. परवान्याच्या विलंबाची चर्चा हल्ली कार्यालयीन दिरंगाईपासून सुरू होते, परंतु या भागात ती अंतरापासून सुरू करणे अधिक योग्य ठरेल, आणि हे अंतर १९९९ पर्यंत कायम होते.

राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने, शस्त्र कायद्याविरुद्ध आपल्या आरंभीच्या अधिवेशनांपासून तक्रार मांडली होती. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत मिठावरील कराबरोबरच, लोकनियंत्रणाच्या अधीन राहून स्वसंरक्षणासाठी अग्निशस्त्रांचे परवाने द्यावेत, ही मागणीही होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या यादीतील ही नोंद अनेकांच्या लक्षात राहत नाही. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावाला जे अंतिम रूप मिळाले त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला. स्वातंत्र्य मिळाल्यावर मात्र चित्र पालटले. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य ह. वि. कामत यांनी, म्हणजे ज्या प्रांतात त्या वेळी गोंदिया होते त्याच प्रांताच्या प्रतिनिधीने, कराचीच्या ठरावाची आठवण देत हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारताना असा मुद्दा मांडला की, सरसकट हक्क दिला तर चोर व खिसेकापूदेखील नागरिक या नात्याने तो मागू शकतील, आणि आग्रह धरायचाच असेल तर तो देशावर संकट आल्यास शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात शस्त्रांचा उल्लेख आला तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या स्वातंत्र्यापुरता.  

१९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा भरण्याच्या बदल्यात मिळालेली मालकी, व जमीनदारी संपली, १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. या बदलांच्या मध्येच १९५९ चा शस्त्र अधिनियम संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून नियमांसह अमलात आला. आजही चालू असलेल्या या अधिनियमाच्या तेराव्या कलमात एक भेद आहे, ज्याकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, आणि चौदाव्या कलमातील नकाराची कारणे लागू नसली, तर परवाना देण्यात यावा अशी तेथे भाषा आहे. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर व इतर शस्त्रांच्या बाबतीत मात्र अर्जदारापाशी पुरेसे कारण आहे याबद्दल अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते. अमेरिकेत परवान्याचे भेद शस्त्र उघडे न्यायचे की अंगावर लपवून न्यायचे यावरून पडले आणि त्यावर राज्याराज्यांत वाद झाले. लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी विशेष गरज दाखविण्याची न्यूयॉर्कची अट तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, ती शस्त्र बाळगणे हा तेथे संविधानाने दिलेला हक्क आहे म्हणून. भारतीय अधिनियमाने तोच भेद वेगळ्या जागी, म्हणजे नळीच्या लांबीत, ठेवला. जी बंदूक सदऱ्याखाली मावत नाही ती मिळणे तुलनेने सोपे आणि जी मावते ती मिळणे अवघड, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही असेही चौदाव्या कलमात म्हटले आहे, आणि जमीनदारीच्या छायेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलखात या वाक्याला वजन होते.

दिसणाऱ्या बंदुकीविषयीची ही उदारता गर्दीच्या कडेला येऊन थांबत असे. १९६२ च्या नियमांखालील परवान्यावरच अशी अट छापलेली असे की, जिल्हादंडाधिकाऱ्याच्या विशेष परवानगीशिवाय परवानाधारकाने शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा अन्य सार्वजनिक मेळाव्यात नेऊ नये. झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडया, माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसाजवळ कचारगडला जमणारा गोंड समाजाचा मेळा, महाशिवरात्रीची प्रतापगडची यात्रा, या सर्व ठिकाणी परवान्याची बंदूकही निषिद्ध ठरते. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमाखाली सणवार, आंदोलने व परीक्षांच्या काळात शस्त्रबंदी आणि जमावबंदीचे आदेश निघतात, ते बहुधा पंधरा दिवसांसाठी असतात आणि त्यांत काठ्या-लाठ्यांचाही समावेश असतो. १५ जुलै २०१६ रोजी प्रसृत झालेल्या नव्या शस्त्र नियमांनी हा प्रवास पूर्ण केला. सार्वजनिक ठिकाणी नेताना पिस्तुलासारखे हातशस्त्र त्यासाठी बनविलेल्या म्यानात किंवा पिशवीत आणि अन्य बंदूक तिच्या खोळीत असली पाहिजे, ती पूर्णपणे झाकलेली असली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा असला पाहिजे, असे हे नियम सांगतात. शस्त्र परजून दाखविण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नसमारंभात वगैरे हर्षाने हवेत केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. १८७८ मध्ये दडविणे हा गुन्हा अधिक गंभीर करणारा घटक होता. २०१६ पासून झाकणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. दरम्यान शासनाची भीती बदलली होती. वसाहतीच्या शासनाला बंडाची धास्ती होती, प्रजासत्ताकाला दहशतीची आहे, आणि उघड्या बंदुकीने मतदार, मजूर किंवा भाऊबंद यांवर बसणारा धाक हा गोळी न झाडताही होणारा परिणाम आहे.

विलंबाचा प्रश्न समजण्यासाठी अर्जाचा मार्ग पाहावा लागतो. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होतो, तेथून पोलीस अधीक्षकांकडे, पुढे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे आणि अखेर अर्जदाराच्या गावाच्या पोलीस ठाण्यात पोहोचतो; चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब आणि चारित्र्य पडताळणी झाल्यावर अहवाल त्याच पायऱ्या चढून परत येतो. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस अहवाल मुदतीत न आल्यास त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्याला दिली, आणि २०१६ च्या नियमांनी अहवालासाठी तीस दिवस व अहवालानंतर निर्णयासाठी साठ दिवस अशी मुदत घातली. मात्र अहवालाविना परवाना देण्याचे धाडस कोणता अधिकारी करील, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही; उद्या त्या बंदुकीतून गोळी सुटली तर जाब त्यालाच द्यावा लागणार, आणि न दिलेल्या परवान्याबद्दल जाब सहसा कोणी विचारत नाही. शिवाय मुदत उलटली म्हणजे परवाना मिळाला असे मानण्याची तरतूद नाही. नकार मिळाला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. उत्तरच आले नाही तर अपील करण्यासाठी आदेशच हाती नसतो आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावण्यावाचून मार्ग उरत नाही. तो धानाच्या बांधीवाल्या कास्तकाराला कितपत परवडतो हे सांगण्याची गरज नाही.

गोंदियात या सर्वसाधारण विलंबावर जंगलाचा विलंब चढतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या चौतिसाव्या कलमानुसार अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव यंत्रणेकडे नोंदवावे लागते, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१२ मध्ये नवेगाव व नवीन नागझिरा ही अभयारण्ये त्यांत जोडली गेली आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. नकाशावर या हद्दींभोवती दहा-दहा किलोमीटरची रेघ ओढली तर सडक अर्जुनी, गोरेगाव, तिरोडा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गावेच्या गावे तिच्या आत येतात, म्हणजे पीकसंरक्षणाच्या बंदुकीची गरज जेथे सर्वाधिक तेथेच तिच्या परवान्याची वाट सर्वांत लांब. यात संरक्षणाच्या बाजूनेही सबळ कारण आहे, कारण भरमार बंदुकीने डुकराइतकीच चितळाची व सांबराची शिकार होते; नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारखे शिकारीकडून संरक्षणाकडे वळलेले लोक ही गोष्ट कोणत्याही कायदेपंडितापेक्षा अधिक जाणत होते.

परवाना हाती आला तरी गोष्ट संपत नाही. शस्त्र परवाना बंदूक बाळगू देतो. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, मारण्यासाठी वन अधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती मिळेपर्यंत कळप पुढच्या बांधीत गेलेला असतो. त्यामुळे परवान्याची बंदूक पुष्कळदा केवळ आवाज काढण्यापुरती उरते. विदर्भात पिकाभोवती तारांत बेकायदा वीजप्रवाह सोडण्याचे प्रकार वाढले आणि त्यांत वाघांसह माणसेही मेली, यामागे अनेक कारणे असली तरी दोन खात्यांच्या दोन परवानग्यांमधील ही पोकळी त्यांपैकी एक आहे असे मानण्यास जागा आहे. मचाणावरची बंदूक निदान दिसत तरी होती. अंधारातील तार दिसत नाही.

तिसरा अडसर नक्षल चळवळीने निर्माण केला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हा पट्टा गडचिरोली, राजनांदगाव व बालाघाट यांच्या जंगलाशी सलग असल्यामुळे गावातील प्रत्येक बंदूक ही सशस्त्र दलमला, म्हणजे नक्षलवाद्यांच्या तुकडीला, मिळू शकणारी बंदूक, असा हिशेब पोलिसांना करावा लागला. चकमकींनंतर जप्त होणाऱ्या शस्त्रांच्या याद्यांत रायफलींच्या शेजारी भरमार बंदुकांची नोंद सर्रास आढळते, आणि शेजारच्या गडचिरोलीत गावकऱ्यांनी अशा बंदुका पोलिसांकडे स्वेच्छेने जमा करण्याचे उपक्रम अनेकदा झाले आहेत. अशा मुलखात ठाणेदाराचा प्रतिकूल अहवाल हा अर्जदारावरील अविश्वासच असतो असे नाही. त्याच्या घरात बंदूक असल्याचे गावाला माहीत होणे हेच त्याच्या जिवावर बेतू शकते. एकट्या घरातील भिंतीवर टांगलेली बंदूक राखण करते की संकटाला बोलावते, याचे उत्तर येथे तालुक्यागणिक वेगळे येते. निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे छाननी समितीच्या निर्णयानुसार ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत मिळतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असा क्रम लागला की जुन्या परवानाधारकाची बंदूक वर्षातील बरेच दिवस ठाण्याच्या कोठडीतच काढते.

राज्याच्या सीमेने आणखी एक गुंता वाढविला. परवान्यावर त्याच्या वैधतेचे क्षेत्र लिहिलेले असते, आणि गोंदियाच्या पूर्वेला छत्तीसगड व उत्तरेला मध्य प्रदेश असल्यामुळे बाघ नदीपलीकडच्या नातलगाकडे जाताना महाराष्ट्रापुरता परवाना असलेल्याची बंदूक बेकायदा ठरते. राष्ट्रीय माहितीकोशात प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक देण्याची पद्धत आल्यापासून जुन्या नोंदवह्यांतील परवाने संगणकात चढविण्याचे काम झाले, आणि क्रमांक नसलेला परवाना अवैध ठरू लागला. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली, तर एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. २०१६ चे नियम परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर अथवा पंचवीस वर्षे शस्त्र बाळगल्यावर, वारसाच्या नावे परवाना देण्याची वाट मोकळी ठेवतात. नागझिऱ्याच्या दहा किलोमीटरच्या रेघेच्या आत ज्याचे घर आहे अशा वारसाच्या बाबतीत मात्र पोलीस चौकशीच्या जोडीला वन्यजीव यंत्रणेच्या संमतीचाही प्रश्न उभा राहू शकतो, आणि आजोबांच्या नावाची भरमार बंदूक तो निकाली निघेपर्यंत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावी लागते.